पद्मिनीचा पंप

घरांतील जुन्या वस्तूंचे आम्ही दोन वर्ग मानतों. पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, आजोबांची घडवंची यांसारख्या वस्तूंस आपणांपासून कांहींच नको असतें. त्या आपापल्या कोपऱ्यांत स्वस्थ बसतात आणि आपण त्यांना वारसा म्हणून मोकळे होतों. दुसऱ्या वर्गांतील वस्तू मात्र चालत्या ठेवाव्या लागतात. भिंतीवरील घड्याळास किल्ली द्यावी लागते, विहिरीचा गाळ काढावा लागतो, आणि जुन्या मोटारगाडीस तर केव्हां काय लागेल याचा नेम नाहीं. अशा वस्तूंचें जतन म्हणजे त्या होत्या तशाच ठेवणें, असा एक समज सुशिक्षित घरांतूनहि रूढ आहे. २०२५ सालीं आमच्या घरीं एका मुठीएवढ्या पंपावरून या समजुतीची जी परीक्षा झाली, ती वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

आमची गाडी १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सारेच दादा म्हणत, त्यांनीं ती नांव नोंदवून, त्या काळच्या रिवाजाप्रमाणें वर्षानुवर्षें वाट पाहून घेतली. तरुण वाचकांस ही गाडी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानेंच ठाऊक असेल. ती टॅक्सीहि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत तिचा ११०० डी हा अवतार १९६४ पासून तयार होऊं लागला, आणि १९७४ मध्यें तिला पद्मिनी हें नांव मिळालें. चितोडच्या राणीवरून तें ठेवलें असें सांगतात. परंतु आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तराला तो शब्द कानीं पडतांच आधीं कमळवेल आठवते. राणी मागाहून. आणि गाडीची रचना पाहिली तर हा अर्थच अधिक समर्पक वाटतो. कमळ वर, कंद खालीं चिखलांत आणि मध्यें लांब नाल. गाडींतहि पेट्रोलाची टाकी मागें खालच्या अंगास, कार्बोरेटर पुढें इंजिनाच्या माथ्याकडे, आणि दोहोंच्या मध्यें गाडीच्या पोटाखालून गेलेली बारीक नळी. फरक इतकाच कीं, कमळाच्या नालांतून रस आपोआप चढतो; पेट्रोलास कोणीतरी ओढून वर न्यावें लागतें. तें काम पंपाचें.

हा पंप इंजिनाच्या कुशीस बसविलेला असतो. त्याच्यांत वीज नाहीं, चाक नाहीं. रबर चढविलेल्या कापडाचा एक पडदा, ज्यास मिस्त्री लोक डायफ्रॅम म्हणतात, एक स्प्रिंग आणि दोन इवल्याशा झडपा, एवढाच संसार. इंजिनांतील कॅमशाफ्ट फिरूं लागला कीं त्यावरील एका उंचवट्यामुळें पंपाची दांडी हलते. दांडी पडद्यास खालीं ओढते. वरची पोकळी वाढते आणि टाकीकडील झडप उघडून पेट्रोल आंत येतें. उंचवटा सरला कीं स्प्रिंग पडद्यास वर लोटते, पहिली झडप मिटते, दुसरी उघडते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातें. खुबी अशी कीं, कार्बोरेटरची वाटी भरली आणि तिच्यांतील सुईनें वाट बंद केली, म्हणजे पडदा खालीं दबलेलाच राहतो; दांडी रिकामी हलत राहते आणि पंप कांहीं पाठवीत नाहीं. मागणी असेल तेवढेंच देणारा आणि नको म्हटल्यावर हट्ट न करणारा पुरवठादार आम्हीं मनुष्यांत तरी क्वचितच पाहिला आहे. दाबहि बेताचाच, दर चौरस इंचास चार-दोन पौंड.

मात्र सारी भिस्त त्या पडद्यावर. तो फाटला तर पंप दुबळा होतो, ही त्यांतली लहान गोष्ट. पडद्याच्या खालची बाजू इंजिनाकडे असते. फाटींतून झिरपलेलें पेट्रोल इंजिनाच्या ऑइलांत उतरतें, ऑइल पातळ होतें, आणि ज्या वंगणावर बेअरिंगांचें आयुष्य अवलंबून, तेंच वंगण निःसत्त्व होऊन बसतें. शिवाय पेट्रोल बाहेर ठिबकूं लागलें तर तें तापलेल्या इंजिनाच्या शेजारीं ठिबकतें. पुढचें सांगावयास नकोच.

त्या वर्षींच्या वैशाखांत पुण्याचें एक लग्नकार्य आटोपून आम्ही साताऱ्यास परतत होतों. पुतण्या गाडी चालवीत होता. मागें वहिनी, सूनबाई आणि दोन मुलें. शिरवळ मागें पडलें, खंबाटकीचा घाट सुरू झाला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणापासून गाडी आचके देऊं लागली. पुतण्यानें गिअर उतरविला. तरी ती अडखळतच गेली आणि ऐन चढावर इंजिन थांबलें. मागें मालमोटारींची रांग. आम्हीं उतरून चाकामागें दगड लावला, सूनबाईनें मुलांस कठड्याकडे घेतलें. वहिनी मात्र गाडींतच बसून राहिल्या. त्यांचें वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांमुळें चटकन् उतरणें त्यांना जमत नाहीं. त्या दहा मिनिटांत मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या भोंग्यासरशीं आमच्या काळजाचा ठोका चुकत होता, हें येथें लिहावयास हरकत नाहीं.

जुन्या सारथ्यांचा उपाय म्हणून पुतण्यानें फडकें भिजवून पंपावर घातलें. उन्हाळ्यांत नळींतील पेट्रोलाची वाफ होते. पंप द्रव ओढतो, वाफ कांहीं त्याला ओढवत नाहीं, हें कारण प्रसिद्ध आहे. थोड्या वेळानें गाडी चालूं लागली, पुन्हां अडली, पुन्हां फडकें, असें करीत घाटमाथा गांठला. उतारावर आणि पुढें सुरूरपासून साताऱ्यापर्यंतच्या सपाटीवर मात्र हळू हळू कां होईना, ती बिनतक्रार आली.

आयुर्वेदांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. मोटारीस तीं लावूं नयेत असें कोठें लिहिलेलें नाहीं. पूर्वरूप महिनाभर दिसत होतें. सकाळीं स्टार्टर बराच वेळ फिरवावा तेव्हां इंजिन लागे. रूप घाटांत प्रकट झालें. उपशय, म्हणजे कशानें बरें वाटतें यावरून रोग ओळखणें. तें ओल्या फडक्यानें केलें, आणि पाहणारा फसावा तो येथेंच. गारव्यानें बरें वाटलें, तेव्हां दोष उन्हाचा, असें म्हणून पुष्कळ लोक स्वस्थ बसतील. दुसऱ्या दिवशीं पहांटे, हवा थंड असतां, पुतण्या गाडी यवतेश्वराच्या चढावर घेऊन गेला. पहिल्याच वळणावर तेच आचके. उष्णता असतांना गाडी अडली, उष्णता नसतांनाहि अडली. चढ असतांना अडली, चढ नसतांना अडली नाहीं. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास अन्वयव्यतिरेकाचें याहून सोपें उदाहरण मिळणार नाहीं. चढावर इंजिनाची भूक वाढते. ती भागविणारा कमी पडत होता.

आमचे मिस्त्री साठीच्या घरांतले. हिंदुस्थानांतील सर्व फियाट गाड्या जणुं आपल्या मांडीवर वाढल्या अशा थाटानें ते बोलतात, व तो थाट त्यांना शोभतो. त्यांनीं लगेच पंपास हात घातला नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. प्रथम टाकीचें झांकण सैल करून पाहिलें, कारण त्याचें वायुछिद्र बुजलें तरी पेट्रोल येणें थांबतें. मग फिल्टर बदलला. फरक नाहीं. तेव्हां त्यांनीं कॉइलची तार काढून ठेवली, म्हणजे ठिणगी पडावयास नको. पंपाची कार्बोरेटरकडील नळी सोडवून तिचें तोंड बाटलींत घातलें आणि पुतण्यास स्टार्टर फिरवावयास सांगितलें. चांगला पंप प्रत्येक ठोक्यास पिचकारी सोडतो. आमच्या पंपानें नुसती लाळ गाळली. शेवटीं मिस्त्रींनीं ऑइलची कांडी ओढून काढली. ऑइल खुणेच्या वर चढलेलें, आणि त्याला पेट्रोलाचा स्पष्ट वास. ती कांडी त्यांनीं न बोलतां आमच्या नाकाशीं धरली. "मास्तर, आतां पोरंबाळं बसवूं नका हिच्यांत," एवढेंच ते म्हणाले.

येथवर सारें सरळ होतें. पंप गेला, तर दुसरा घालावा. परंतु एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु एकट्याची नसते, आणि पंप कोणता घालावा यावर घरांत तीन मतें झालीं. पुतण्याचें मत, विजेचा पंप बसवावा. नव्या मोटारींत टाकींतच विजेचा पंप असतो, हें खरें. पण त्याचा दाब दर चौरस इंचास चाळीस-पन्नास पौंडांच्या घरांतला. कार्बोरेटरची बिचारी सुई त्यापुढें काय टिकणार? कमी दाबाचे विजेचे पंपहि मिळतात. मात्र अपघातांत इंजिन बंद पडलें तरी असा पंप पेट्रोल ओततच राहूं शकतो, म्हणून त्यास आपोआप तोडणारी कळ निराळी लावावी लागते. जुना पंप इंजिनाबरोबर थांबतो. हा गुण आम्हांस सोडवेना. दुसरें मत शेजाऱ्यांचें, आणि तें कोणी मागितलें नव्हतें: गाडी मोडींत द्यावी.

तिसरें मत वहिनींचें. त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या आणि दादांच्या कपाटांतून एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आल्या. पेटीवर दादांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलें होतें: 'पेट्रोल पंप. राखीव. १९९४.' आंत तेलकट कागदांत गुंडाळलेला कोराकरकरीत पंप. दादा जाऊन सहा वर्षें झालीं. त्यांच्या कपाटास आजवर कोणी हात लावला नव्हता.

"भाऊजी, त्यांनीं हा याच दिवसासाठीं ठेवला होता," वहिनी म्हणाल्या. "हाच बसवा."

यावर काय बोलावें? दादांची दूरदृष्टि, कंपनीचा अस्सल माल, एकदांहि न वापरलेला. जो तो म्हणाला, याहून चांगलें काय असणार! मिस्त्रीहि क्षणभर मोहांत पडले. आम्हीं मात्र तो दिवस जाऊं दिला. रात्रीं वहिनी देवघरापाशीं वाती करीत बसल्या असतां आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलों आणि म्हटलें, "वहिनी, पंप दादांचाच घालूं. पण त्याच्या आंतलें रबर एकतीस वर्षांचें आहे, आणि तें ज्या पेट्रोलासाठीं केलें तें पेट्रोल आतां मिळत नाहीं. उघडून पाहिल्यावांचून तो गाडीस लावूं नये असें आम्हांस वाटतें. मागें मुलें बसतात." त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. वात वळीत राहिल्या. दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आले तेव्हां पेटी त्यांनींच ओट्यावर आणून ठेवली. "उघडा," म्हणाल्या, "मी इथेंच बसतें."

आतां पेट्रोल बदललें म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत पेट्रोलामध्यें शेंकडा पांच इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्यें सुरू झाला. २०२२ मध्यें हें प्रमाण दहांवर गेलें. वीसचें उद्दिष्ट पूर्वीं २०३० चें होतें, तें अलीकडे ओढून २०२५ मध्येंच गांठलें गेलें. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. आपल्याकडे तें उसाच्या मळीपासून आणि रसापासून होतें, धान्यापासूनहि होतें. आमच्या समाईक शेतांतहि ऊस आहे, आणि कारखान्याचे पैसे आले कीं आमच्या घरींहि गोडधोड होतें; तेव्हां या धोरणाशीं आमचें भांडण नाहीं. परदेशी तेलाचा खर्च वांचतो, शेतकऱ्यास मोल मिळतें. ब्राझीलनें हा मार्ग १९७५ मध्येंच धरला, आणि १९७९ मध्यें तेथें निव्वळ इथेनॉलवर चालणारी जी गाडी निघाली तीहि फियाटचीच, फियाट १४७. पद्मिनीची धाकटी मावसबहीणच म्हणाना! परंतु ती गाडी त्या इंधनासाठीं घडविलेली होती. आमची नव्हे. एक लिटर इथेनॉलांत पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते, म्हणून गाडी थोडी कमी धांवते. तें सोसतां येईल. पण इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें, टाकींतील जुना मळ सैल करून फिल्टरांत आणून सोडतें, आणि जुन्या जातीच्या रबरास फुगवितें. गाडी कांहीं आठवडे उभी राहून तेंच रबर वाळलें कीं कडक होतें आणि चिरतें. आमच्या पंपाच्या दुखण्याची संप्राप्ति ती ही.

मिस्त्रींनीं दादांचा पंप स्वच्छ कागदावर ठेवला, कडेचे स्क्रू एकेक करून सोडविले आणि पडदा उचलला. वरून पाहतां तो अगदीं नवा. काळा, गुळगुळीत. मिस्त्रींनीं तो दोन बोटांत धरून उजेडाकडे वांकविला, आणि घडीवर केसाएवढ्या चिरा उमटल्या. "झोपून झोपून बी म्हातारपण येतंच कीं," ते म्हणाले. वहिनींनीं पडदा हातांत घेतला, स्वतः वांकवून पाहिला आणि कागदावर परत ठेवला. पंपाचें धड मात्र निर्दोष होतें. दांडी, स्प्रिंग, बीड, सारें जसेंच्या तसें. तेव्हां ठरलें असें कीं, धड दादांचें ठेवावें आणि आंतला पडदा, झडपा व वायसर आजच्या इंधनास सोसणारे घालावे.

असे पडदे फ्लुओरोकार्बन जातीच्या रबराचे असतात. पुतण्यानें मुंबईहून दोन संच मागविले. पुडीवर लिहिलेलें सारेंच खरें मानण्याची आमची प्रकृति नसल्यामुळें आम्हीं मिस्त्रींच्या गॅरेजांत, त्यांच्या देखरेखीखालीं, झांकणाच्या दोन बरण्यांत पंपावरचें पेट्रोल घेऊन एकींत दादांच्या पडद्याचा तुकडा आणि दुसरींत जास्तीच्या संचांतील नवा पडदा बुडवून ठेवला. नव्या पडद्याची बाह्यरेषा आधीं कागदावर गिरवून घेतली होती, जुन्या तुकड्याचीहि. आठ दिवसांनीं दोन्ही काढून त्या रेषांवर ठेवले. नवा रेषेंत बसला. जुना रेषेबाहेर गेला होता आणि बोटांस बुळबुळीत लागत होता. चाळीस वर्षें शिकविण्याचें काम केल्यावर माणसास प्रयोगावांचून चैन पडत नाहीं, आणि पुराव्याचा तो कागद आम्हीं वहिनींस नेऊन दाखविला, हेंहि सांगतों.

पंप बसविण्याचें काम अर्ध्या दिवसाचें. इंजिन पुरतें थंड होऊं दिलें, बॅटरीची तार काढली, ओट्यावरची समई सुद्धां आंत नेली. टाकीकडून येणारी नळी सोडतांच तिच्या तोंडांत बोल्ट खुपसून ती बंद केली. जुना पंप निघाल्यावर त्याच्या मागची जाड फायबरची चकती मिस्त्रींनीं जपून सोडविली. ही चकती क्षुल्लक दिसते, पण ती इंजिनाची धग पंपापर्यंत येऊं देत नाहीं. आणि तिची जाडी कमीअधिक झाली तर दांडीचा रेटाहि कमीअधिक होतो. घाईचा कारागीर तिच्या जागीं हातास लागेल तें पॅकिंग घालतो आणि नवा पंप नादुरुस्त म्हणून दुकानदाराशीं भांडतो. मिस्त्रींनीं इंजिन हातानें थोडें फिरवून कॅमचा उंचवटा दूर नेला, म्हणजे पंप बसवितांना दांडीवर ताण येत नाहीं. मग दोन्ही नट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळले. रबरी नळ्या बदलून इथेनॉलास टिकणाऱ्या घातल्या. बिघडलेलें ऑइल सारें काढून टाकलें, त्याचा रंग पाहून सूनबाई म्हणाली, "काका, हा तर कोकमाचा सार." नवें ऑइल, नवा फिल्टर. पंपाची हातदांडी मिस्त्रींनीं वीसएक वेळां दाबली, वाटी भरल्याचें त्यांच्या बोटांस कळलें, आणि स्टार्टरच्या दुसऱ्या गिरकीस इंजिन लागलें. दहा मिनिटें ते कोरडा कागद प्रत्येक सांध्यास लावून पाहत राहिले. कागद कोरडाच राहिला.

आश्विनांत पुन्हां पुण्यास जाण्याचा योग आला. परततांना खंबाटकी चढतांना मुलें एरवींपेक्षां गप्प होतीं. गाडी दुसऱ्या गिअरांत, आपल्या जुन्या गतीनें, एकदांहि न अडखळतां वर आली. वहिनी सारा वेळ खिडकींतून बाहेर पाहत होत्या; माथा आल्यावर त्यांनीं डब्यांतले लाडू काढून मुलांस दिले.

दर रविवारीं ऑइलची कांडी ओढून वास घेण्याचें काम आतां आमच्याकडे आहे. टाकी उतरवून आंतील गंज काढणें राहिलें आहे. तें मिस्त्री मार्गशीर्षांत करूं म्हणतात. पेटींत आम्हीं जास्तीचा पडदा ठेवला आणि दादांच्या अक्षराखालीं त्याची तारीख लिहिली. परवां वहिनींनीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां विचारलें, "भाऊजी, पेट्रोलांत वीसच्या पुढें मिसळावयाचें म्हणतात, मग हा पडदा चालेल ना?" मिस्त्रींस विचारून सांगतों, असें त्यांना म्हटलें आहे.